घरामागे पूल बांधतोय, आकार कोणता घ्यावा?

तळ्यातमळ्यात
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

घरामागे मोकळी जागा आहे, साधारण ४५ फूट बाय ३० फूट. तिथं पोहायचा पूल करायचा यावर घरात एकमत झालंय. एकमत तेवढंच. नवऱ्याला रोज सकाळी लॅप मारायचे आहेत, त्याला लांबट हवा. मुलाला (वय ११) उड्या मारायला खोल भाग हवा, जमल्यास घसरगुंडी. मुलगी ३ वर्षांची, तिला पाण्यात बसून मग-बादली खेळायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, पण "त्या शिडीवरून मी उतरायची नाही" हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. मला पोहता येत नाही. माझी अट एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्ण दिसला पाहिजे.

कंत्राटदाराने तीन चित्रं दिलीत. एक काजूच्या आकाराचा, एक सरळ आयत, एक काटकोनात वळलेला. दोन आठवडे झाले, रोज रात्री आवराआवर झाली की ती चित्रं टेबलावर येतात आणि साडेदहाला सगळे रुसून झोपायला जातात. कुठला आकार घ्यावा? ज्यांच्याकडे आहे त्यांनी अनुभव सांगा.

वाचनमात्र
शीर्षक वाचून वाटलं तुमच्या घरामागून नदी वाहते. खुर्ची ओढून बसलोय.

काठावरचा
आमच्याकडे ९ वर्षं काजू आहे. चित्रात फार गोड दिसतो. वापरायला लागलं की कळतं, आतल्या वळणामुळे सरळ रेष मिळतच नाही. नावाला २८ फूट, पोहायला जेमतेम २०. गुंडाळायचं कव्हर रुळांवर धावतं, त्याला दोन बाजू समांतर लागतात. ते आमच्याकडे बसेना, म्हणून बुडबुड्यांचं प्लास्टिक कात्रीने आकारात कापून घेतलं. ते रोज ओढायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक नेहमी मीच असतो.

पण ताई, खरं सांगू का, आकार हा शेवटचा प्रश्न आहे. सुट्टीच्या दिवशी पाहुणे जमले की मी काठावर बसून बघतो. बारा माणसं पाण्यात, आणि बाराच्या बारा पायऱ्यांच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात. कोणी गप्पा मारतंय, कोणी चेंडू फेकतंय. ८ फुटी खोल भागात फक्त आमचं हवा भरलेलं पिवळं बदक एकटं गोल गोल फिरत असतं. एवढा खड्डा खणला तो त्या बदकासाठी.

सावलीतली
बदकासाठी 😂😂 आमच्याकडेही हेच. फक्त बदकाऐवजी फ्लेमिंगो.

खोलपाणी
काठावरचा यांच्याशी असहमत. साडेचार फुटांच्या पाण्याला पूल म्हणत नाहीत, ती पाय धुवायची जागा. माझे दोन्ही मुलगे खोल भागात वाढले. तळाला टाकलेली किल्ली बुडी मारून काढणं, पाणी तुडवत तग धरणं, हे उथळ पाण्यात कसं शिकणार? ११ वर्षांचं पोर दोन उन्हाळ्यांत कंटाळून जाईल आणि मग तुम्ही म्हणाल, थोडं अजून खणलं असतं तर बरं झालं असतं. पूल नंतर खोल करता येत नाही, हे लक्षात घ्या.

गवंडीकाका
मी बांधकामातला. पूल पंधरा-वीस केलेत, दुरुस्त त्याहून जास्त केलेत.

खोलपाणी साहेबांचं निम्मं बरोबर. पण उड्यांचं गणित असं आहे की सूर मारायचा असेल, म्हणजे डोकं खाली करून, तर अमेरिकन रेड क्रॉसचा सल्ला निदान ९ फूट पाण्याचा आहे. आणि ते ९ फूट फक्त एका बिंदूवर असून चालत नाही, पुढे बऱ्याच अंतरापर्यंत तेवढी खोली लागते, कारण सूर मारलेला माणूस सरळ खाली जात नाही, पुढे जातो. मग तिथून साडेतीन फुटांवर यायला उतार. ३०-३५ फुटांच्या पुलात हे सगळं घातलं की नीट उभं राहायला जागा उरते एखाद्या खोलीएवढी. घरगुती पुलात ६-७ फूट खोल करणं सगळ्यात वाईट, कारण ती खोली मोहात पाडते आणि सुराला पुरत नाही. मानेची दुखापत तिथेही होते. एक तर नीट खोल करा, नाहीतर खोल करूच नका आणि काठावर ठळक लिहा की सूर मारायचा नाही.

मधला मार्ग म्हणजे दोन्ही टोकांना साडेतीन फूट आणि मध्ये ५ फूट. तळ उथळ होडीसारखा. दोन्ही बाजूंना संघ उभे राहतात, मध्ये जाळी लावून चेंडू खेळता येतो, लॅप मारणाऱ्याला दोन्ही टोकांना उभं राहून वळता येतं. ११ वर्षांच्या पोराला कंटाळा येत नाही, उलट मित्र आणतो.

बांधायचं कशात ते ठरलंय का?

कोरडेपाषाण
मला पोहता येत नाही, पूल नाही, अंगण नाही. तरी मत देतो, नावाला जागायला हवं. आमच्यात दोन भाऊ एकमेकांना कोरड्या जमिनीवरच पाण्यात पाहतात. खरा पूल झाला तर काय होईल या भीतीने आम्ही फ्लॅट घेतला.

फिजिओताई
सासूबाईंबद्दल लिहिते, कारण त्यांचा मुद्दा अशा धाग्यांवर नेहमी एका ओळीत उरकला जातो.

पाण्यात चालायचा फायदा खोलीवर ठरतो. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा जाणवतो, छातीएवढ्या पाण्यात पाव ते एक तृतीयांश. म्हणजे त्यांची उंची मोजा, छातीपर्यंत पाणी येईल अशी जागा निदान १५ फूट लांब, सपाट मिळाली पाहिजे. तळाला सतत उतार असेल तर चालताना एक गुडघा जास्त वाकतो, तो व्यायाम नव्हे, शिक्षा. पाच फुटाच्या बाईला पावणेचार फूट पाणी छातीला लागतं. गवंडीकाकांच्या होडीत ते बसतंय, फक्त सपाट पट्टा लांब ठेवा.

शिडी नकोच, बरोबर आहे त्यांचं. पायऱ्या रुंद, प्रत्येकीची उंची ६-७ इंच आणि सगळ्या सारख्या. पाऊल ठेवायला निदान १२ इंच. प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची टाइल, कारण पाण्यात कडा दिसत नाही. आणि आधाराची दांडी भिंतीला नको, मध्यभागी घ्या. एक गुडघा जास्त दुखत असेल तर उतरताना ज्या हाताला आधार लागतो तोच हात वर येताना उलट्या बाजूला जातो. दांडी मध्ये असली की जाताना उजवीकडून, येताना डावीकडून.

पाण्याचं तापमान हा वेगळाच वाद होणार आहे, तयार राहा. दुखऱ्या सांध्यांना २८ ते ३१ अंश सेल्सिअस बरं वाटतं. लॅप मारणाऱ्याला २७ च्या वर गेलं की घाम फुटतो. ३ वर्षांच्या मुलीला तर सगळ्यांत आधी थंडी वाजणार, ओठ निळे दिसले की बाहेर काढायचं.

काठावरचा
दांडी मध्यभागी! ९ वर्षं आमची आई पुलातून वर येताना उलटी, पाठमोरी चढते, दांडी उजव्या हाताला यावी म्हणून. आम्हाला वाटायचं सवय आहे तिची. उद्याच बदलतो.

जागतीआई
सगळं वाचलं. एकाही प्रतिसादात कुंपण शब्द नाही याचं आश्चर्य वाटलं. मुलगी ३ वर्षांची आहे.

माझा अनुभव लिहिते. नातेवाइकांकडे पूल होता, आम्ही सहा मोठी माणसं दहा पावलांवर गप्पा मारत होतो. माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा. पाण्यात एक लाल चेंडू तरंगत होता. मी वळून पाहिलं तेव्हा काठावर फक्त त्याची एक चप्पल होती. मी उडी मारली, तो मिळाला, तो आता १४ वर्षांचा आहे. पण मला आठवतो तो आवाज नाही, आवाज नसणं आठवतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. सिनेमात दाखवतात तसं काहीही होत नाही. पाण्याचा साधा खळखळाटसुद्धा झाला नाही.

म्हणून पुलाला स्वतःचं, चारही बाजूंनी, निदान ४ फूट उंच कुंपण. घराची मागची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण मूल घरातूनच येतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या माहितीनुसार तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा चार बाजूंच्या कुंपणाने लहान मुलाच्या बुडण्याचा धोका ८३ टक्के कमी होतो. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडलं की आपोआप बंद होऊन कडी लागणारं. आणि खेळून झालं की चेंडू, बदकं, फ्लेमिंगो सगळं पाण्याबाहेर. त्यांच्याच ओढीने मूल जातं.

सावलीतली
अंगावर काटा आला. फ्लेमिंगो आत्ता बाहेर काढून आले.

निवांत
जागतीआई, भावना पोचल्या. पण कुंपणाने सगळी शोभा जाते हेही खरं. आमच्याकडे बटणावर चालणारं कव्हर आहे, त्यावर माणूस उभा राहिला तरी चालतं. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने खासगी पुलाला कुंपण, कव्हर, गजर किंवा बंदिस्त छत यांपैकी एक असलं की पुरतं, म्हणजे तिथल्या सरकारलाही कव्हर मान्य आहे.

जागतीआई
कव्हर चांगलंच आहे, कुंपणासोबत. कव्हर तुम्ही बटण दाबलंत तर बंद होतं. फाटक तुम्ही विसरलात तरी बंद होतं. मला फरक एवढाच दिसतो. आणि दुपारी चार वाजता, सगळे पोहून बाहेर आलेले, फोन वाजतोय, दारात कोणी आलंय, तेव्हा कव्हर उघडंच असतं.

निवांत
हम्म. दुपारचं खरं आहे. आमच्याकडेही रात्रीच बंद होतं.

गवंडीकाका
कुंपणाला उभ्या पट्ट्या घ्या, आडव्या नकोत. आडव्या म्हणजे शिडीच. आणि कुंपणाला लागून कुंड्या, बाक, पंपाची पेटी काही ठेवू नका, ३ फूट मोकळे सोडा. तीन वर्षांचं पोर कुंडीवर चढतं.

अजून एक, तळाची मोरी. पंपाला पाणी ओढणारी मोरी एकच असेल आणि तिच्यावर कुणी बसलं तर खेच एवढी असते की मोठ्या माणसाला सुटता येत नाही. अमेरिकेत यावरून २००७ साली कायदा झाला. दोन मोऱ्या, एकमेकींपासून निदान ३ फूट लांब, फुगीर झाकणांच्या. झाकण तुटलं तर ते बदलेपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही.

तळ्यातमळ्यात
बापरे. मी आकार विचारायला आले होते. सगळ्यांचे आभार, घरात प्रतिसाद वाचून दाखवतेय. 'पाय धुवायची जागा' वर मुलगा पाच मिनिटं हसत होता. दांडीचा मुद्दा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "या बाईंना विचार, पायऱ्या घराकडच्या टोकाला की लांबच्या?"

काका, बांधायचं कशात ते ठरलं नाहीये. काँक्रीट की फायबरची तयार टाकी?

फिजिओताई
घराकडच्या टोकाला. ओल्या पायांनी जितकं कमी चालावं लागेल तितकं चांगलं. त्यांना नमस्कार सांगा.

गवंडीकाका
थोडक्यात सांगतो म्हणता म्हणता लांबेल.

काँक्रीटला हवा तो आकार, हवी ती खोली. सळईची जाळी बांधून यंत्राने काँक्रीट फवारतात. पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, घाई करणाऱ्याला दारात उभं करू नका. आतला गिलावा १०-१५ वर्षांनी नव्याने करावा लागतो. तो किंचित खरखरीत असतो, मुलांचे अंगठे सोलवटतात.

फायबरची टाकी कारखान्यातून ट्रकवर येते. रस्त्यावरून न्यायची म्हणून रुंदी १६ फुटांच्या आसपास थांबते. गुळगुळीत असते, शेवाळ कमी धरतं, काम काही आठवड्यांत होतं. पण पायऱ्या साच्यात असतील तशाच. फिजिओताईंची मधली दांडी बसेल का, पायऱ्या सारख्या आहेत का, हे साचा निवडतानाच बघा. आणि क्रेनला मागे पोचायला वाट आहे का? एकांनी टाकी आणली, ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा, वरून विजेच्या तारा. टाकी चार दिवस रस्त्यावर, पोरं आत क्रिकेट खेळत होती.

तिसरा प्रकार, पत्र्याच्या किंवा पॉलिमरच्या भिंती आणि आत प्लास्टिकचं अस्तर. सुरुवातीला स्वस्त पडतो, पण अस्तर दहा-बारा वर्षांत कधीतरी बदलायचंच, आणि घरात कुत्रा असेल तर नखं लक्षात घ्या.

कोणताही घ्या, एक गोष्ट लिहून ठेवा. पूल रिकामा करायचा नाही. विशेषतः पावसाळ्यात. एका घरी मला बोलावलं, मालकाने साफसफाईला म्हणून रात्री पंप लावून सगळं पाणी उपसलेलं. सकाळी टाकीचं एक टोक जमिनीतून वीतभर वर! भोवतालची फरशी पापडासारखी उचललेली. जमिनीत पाणी भरलेलं होतं, टाकी रिकामी, ती होडीसारखी तरंगली. आतलं पाणीच टाकीला खाली दाबून धरतं. तळात दाब सोडणारी झडप असते, ती मागून घ्या, आणि तरी उपसू नका.

कोरडेपाषाण
म्हणजे पूल कोरडा झाला की वर येतो. आमच्या नावाला पहिल्यांदाच मान मिळाला.

हिरवाईवाला
सगळे क्लोरीनच्या पुलावरच बोलतायत म्हणून वेगळं सुचवतो. निसर्ग-पूल. एका भागात पोहायचं, शेजारच्या उथळ भागात खडी आणि पाणवनस्पती, पाणी त्यातून फिरून स्वच्छ होतं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात सुरू झाले, युरोपात आता बरेच आहेत. रसायनं नाहीत, हिवाळ्यातसुद्धा बघायला सुंदर. तोटा म्हणजे वनस्पतींना जवळपास पोहण्याएवढीच जागा लागते, आणि तळाला थोडा गाळ असणारच. बेडूकही येतात.

सावलीतली
बेडूक वाचून आमच्या घरातलं मतदान संपलं.

तळ्यातमळ्यात
आमची जागा पुरणार नाही असं वाटतं, पण मुलाने बेडकांना मत दिलंय. क्लोरीनचं विचारायचंच होतं. नवरा म्हणतो मिठाचा पूल घेऊ, म्हणजे क्लोरीन नको, वास नको, डोळे चुरचुरणार नाहीत. खरं आहे का?

रसायनवाली
अर्धं. मिठाच्या पुलातही क्लोरीनच असतं, फक्त ते डब्यातून न येता मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तिथल्या तिथं तयार होतं. लिटरला ३ ते साडेतीन ग्रॅम मीठ, समुद्रात ३५ च्या आसपास असतं. त्यामुळे चवीला जेमतेम जाणवतं. पाणी मऊ लागतं, डबे उचलायचे कष्ट वाचतात. मात्र मिठाने काही दगडी फरश्या आणि स्वस्तातली धातूची दांडी खराब होते.

आता वासाबद्दल. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो मोकळ्या क्लोरीनचा नसतोच मुळी. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीमं यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचा तो वास, डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणजे जास्त वास येणाऱ्या पुलात क्लोरीन जास्त नसून कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं. उपाय म्हणजे उतरण्याआधी अंघोळ. काठावर एक साधा शॉवर घ्या, आकार ठरवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

रोजचं गणित दोन आकड्यांचं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८. पीएच वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखं. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून उघड्या पुलात सायन्युरिक आम्ल थोडं ठेवतात. आणि हे भिंतीवर लिहून लावा, दोन प्रकारची क्लोरीन पावडर किंवा क्लोरीन आणि आम्ल कधीही एका भांड्यात, एका चमच्याने घ्यायचं नाही, आग लागते किंवा विषारी वायू होतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी नाही.

वाचनमात्र
"लघवी" वाचल्यावर मी ठरवलंय, सार्वजनिक तरणतलावात पुन्हा जायचं नाही.

रसायनवाली
@वाचनमात्र, वास येत नसेल तर बिनधास्त जा.

पाणीमोजे
अवांतर, पण पुढे उपयोगी पडेल. आमच्या पुलाची पातळी रोज अर्धा इंच उतरायची. कंत्राटदार म्हणाला गळती, फरशी फोडावी लागेल. मी एक बादली घेतली, पुलाचंच पाणी भरलं, आत दगड ठेवला आणि दुसऱ्या पायरीवर ठेवली. बादलीच्या आत पाण्याची खूण, बाहेर पुलाच्या पातळीची खूण, पेन्सिलने. चोवीस तासांनी बघितलं तर दोन्ही सारख्याच उतरलेल्या. गळती असती तर पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असता. नुसतं बाष्पीभवन होतं! दिवसभर हौसेचा धबधबा चालू असायचा आणि वारा सुटायचा. धबधबा बंद, कव्हर चालू, उतार निम्म्यावर. फरशी वाचली.

त्यावरून ताईंना सल्ला. धबधबा, कारंजं, काठावरून ओसंडणारी कड या गोष्टी चित्रकार फुकट काढतो. ओसंडणाऱ्या कडेला खाली वेगळी टाकी आणि वेगळा पंप लागतो. पंपावरून आठवलं, वेग बदलता येणारा पंप घ्या. वेग निम्मा केला की पाणी निम्मं फिरतं पण वीज आठवा भाग लागते. दुप्पट वेळ चालवला तरी पाव भागात काम होतं, आणि आवाज नाही.

खोलपाणी
मी परत आलोय. गवंडीकाकांचं सुराबद्दलचं पटलं. आमचा पूल ७ फूट आहे, म्हणजे 'सगळ्यात वाईट'. मुलांनी सूर मारले, काही झालं नाही, हे नशीब होतं असं आता म्हणावं लागेल. नातवंडांसाठी पाटी रंगवतो. बाकी ५ फुटांत पाणी तुडवायला शिकता येतं का? उंच मुलाचे पाय टेकतात हो.

गवंडीकाका
मधल्या भागात साडेपाच करा की. गुडघे दुमडून तुडवायचं. अर्ध्या फुटासाठी भांडण नको.

तळ्यातमळ्यात
अपडेट द्यायचा राहिला.

काकांच्या होडीवर घरात चर्चा झाली आणि रविवारी आम्ही दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन मागे गेलो. ३६ बाय १३ फुटांचा आयत जमिनीवर आखला. पायऱ्या घराकडच्या टोकाला, पूर्ण रुंदीच्या, विटा मांडून. पहिल्या पायरीऐवजी ९ इंच पाण्याचा एक रुंद ओटा, मुलीसाठी. मग सगळ्यांना सांगितलं, पूल झालाय समजा आणि वापरा.

नवरा या टोकापासून त्या टोकापर्यंत हात मारत चालला आणि म्हणाला, चौदा हात होतात, चालेल. मुलाने मधोमध चेंडू आपटला. मुलगी ओट्यावर मांडी घालून बसली, उठेचना. सासूबाईंनी विटांच्या पायऱ्या उतरून दाखवल्या, मधोमध काठी धरून, आणि मग खुर्ची मागवून कोपऱ्यात बसल्या. तिथून त्या म्हणाल्या, "दुपारी ऊन इथं समोरून येणार. पाणी चमकेल. पोरगी तळाला असली तरी मला दिसायची नाही." आम्ही सगळे गप्प. दोन आठवड्यांत तीन चित्रं पाहून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बसायची जागा आता पश्चिमेच्या बाजूला सरकवली, पाठीला ऊन. खिडकीही त्याच बाजूला असल्याने माझी अटही सुटली.

काजू बाद. काटकोनही बाद, कारण एका बाजूचं टोक खिडकीतून दिसत नव्हतं.

जागतीआई
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. त्यांच्याच मुद्द्याला जोडून, तळाचा रंग फिका घ्या. काळ्या-गडद तळाचे पूल फोटोत तलावासारखे दिसतात पण तळाशी काय आहे ते कळत नाही. मुलीचा पोहायचा पोशाख निळा नको, भगवा किंवा झगझगीत गुलाबी. निळं कापड पाण्यात दोन फुटांवर नाहीसं होतं, करून बघा.

आणि पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं हे मुलाला समजवा. वरून बघताना ४ फूट खोली ३ फुटांसारखी वाटते.

निवांत
दोरीची युक्ती भारी. आम्ही केली असती तर पंप शयनगृहाच्या खिडकीखाली आला नसता. मी निवांत नाव घेतलं तेव्हा पूल नव्हता.

हिरवाईवाला
वारा कुठून येतो तेही बघा. पानं वाऱ्यासोबत ज्या टोकाला जमतात तिथं पुलाच्या काठाला पाणी ओढून गाळणारी खिडकी (स्किमर) ठेवली की निम्मा कचरा आपोआप आत जातो. उलट्या टोकाला ठेवली की रोज जाळी घेऊन उभं राहा.

काठावरचा
@हिरवाईवाला, उलट्या टोकाला आहे. रोज जाळी घेऊन उभा असतो. या धाग्यावर मी फक्त चुका पुरवायचं काम करतोय.

कोरडेपाषाण
ताई, सगळ्यांचं झालं, तुमचं काय? घरात पूल आणि तुम्हाला पोहता येत नाही, हे बरं नाही. मी म्हणतोय म्हणजे बघा.

तळ्यातमळ्यात
नाव नोंदवलंय. सोमवारपासून, सकाळी साडेसहा, आमच्या वर्गात मी आणि सहा वर्षांची नऊ मुलं.

काकांना शेवटचा प्रश्न. काल मुलाने कुंपणाचा नमुना म्हणून फाटकासारखी एक पट्टी उभी केली आणि कडी ४ फुटांवर लावली. मुलीने बघितलं, आत गेली, तिची तीन चाकी सायकल ओढत आणली, सीटवर उभी राहिली आणि कडी काढली. चाळीस सेकंद लागली, नवऱ्याने घड्याळ लावलं होतं. कडी किती उंच घ्यावी?

गवंडीकाका
५ फुटांवर, आतल्या बाजूला तोंड करून, वर खेचायची मूठ असलेली घ्या. आणि सायकल आत ठेवायला लागा.

काठावरचा
तिलाच कंत्राट द्या.

सावलीतली
पूल झाला की फोटो टाका. आणि बदक?

तळ्यातमळ्यात
मुलाने आधीच घेतलंय. पूल अजून कागदावर आहे, बदक फुगवून दिवाणखान्यात.